जळीत उपचारांची राष्ट्रीय संस्था कशी उभारावी: गोव्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केवळ गोव्यातले रुग्ण येत नाहीत. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले या सिंधुदुर्गातल्या तालुक्यांतून आणि तिकडे कारवारहूनही गंभीर रुग्ण तिथे आणले जातात. भाजलेल्या रुग्णाची जखम भरून आली की तो आपल्या गावी परततो, पण त्याचे उपचार तिथे संपत नाहीत. सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम, स्प्लिंट, व्रण जाड होऊ नये म्हणून दिवसाचे बहुतेक तास घालावे लागणारे दाबाचे कपडे, हे सारे अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ चालते. हे पाहणारा फिजिओथेरपिस्ट बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात, कित्येकदा दुसऱ्या राज्यात असतो, आणि बांबोळीत काय झाले हे त्याला रुग्णाच्या तोंडूनच कळते. जळीत उपचारांत काम करणाऱ्यांची संस्था राज्यापुरती न राहता राष्ट्रीय का असावी, याचे उत्तर गोव्याच्या सीमेवर असे रोज समोर येते.

हा लेख अशी संस्था उभारू पाहणाऱ्या, पण संस्थेच्या कामाचा अनुभव नसलेल्या तरुण डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवकांसाठी आहे. माझे आग्रहाचे म्हणणे असे की ही संस्था केवळ शल्यचिकित्सकांची नसावी. वॉर्डात जितक्या प्रकारचे लोक एका रुग्णासाठी राबतात, तितक्या सर्वांना पहिल्या दिवसापासून मताचा अधिकार असावा.

आधी काय आहे ते पाहा

नवी संस्था काढण्याआधी आधीच्या संस्थांची नीट ओळख करून घ्यावी. भारतात नॅशनल अॅकॅडमी ऑफ बर्न्स इंडिया ही संस्था आहे. ‘नॅबिकॉन’ नावाने ती परिषद भरवते आणि ‘इंडियन जर्नल ऑफ बर्न्स’ हे तिचे नियतकालिक आहे. प्लॅस्टिक सर्जनांची स्वतंत्र अखिल भारतीय संघटनाही आहे. तेव्हा पहिली पायरी नोंदणी कार्यालयाची नाही. या परिषदेला प्रतिनिधी म्हणून जावे, कार्यक्रमपत्रिका पूर्ण वाचावी, आणि कोणत्या विषयांना जागा मिळते, व्यासपीठावर कोणत्या व्यवसायातले लोक बसतात, याची टिपणे काढावीत.

त्यानंतर दोन-तीन जणांनी बसून एकाच पानावर उणीव लिहावी. ‘भाजलेल्यांसाठी काम करायचे आहे’ ही उणीव होत नाही. ‘जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकेला जळीत ड्रेसिंगचे प्रमाणित प्रशिक्षण मिळण्याची सोय नाही’ किंवा ‘रुग्ण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की पुढच्या उपचाराला आधार ठरेल अशी समान नोंद नसते’ ही उणीव झाली. असे पान लिहिताना कधी लक्षात येते की हवी असलेली गोष्ट चालू संस्थेची गोवा शाखा काढून किंवा तिच्यात परिचारिका आणि थेरपिस्ट यांचा विभाग सुरू करून साधेल. तसे असेल तर तेच करावे, कारण एकाच कामासाठी दोन दुबळ्या संस्था झाल्या तर दोघींचीही शक्ती वाया जाते. उणीव खरोखरच कोणाच्याही कक्षेत बसत नसेल, तरच पुढे जावे.

इतरांनी कसे केले

बोस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. हडफडे येथील नाइटक्लबची आग पाहिलेल्या गोमंतकीयांना त्या रात्रीची भीषणता वेगळी समजावून सांगायला नको. बोस्टनच्या रुग्णालयांनी त्या एका रात्रीतून द्रवोपचार (शिरेतून द्रव देणे), धुरामुळे फुप्फुसांना होणारी इजा आणि जखमेची निगा यांविषयी पुष्कळ शिकून घेतले. मात्र एका शहराने शिकलेले दुसऱ्या शहरापर्यंत जाण्यासाठी माणसांचा नियमित एकत्र येण्याचा रिवाज लागतो. १९६० मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे जळीत संशोधनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. १९६५ मध्ये एडिनबरा येथे दुसरी भरली, आणि त्या परिषदेत इंटरनॅशनल सोसायटी फॉर बर्न इंजुरीज ही संस्था जन्माला आली. तिच्या उभारणीत ए. बी. वॉलेस या एडिनबराच्या शल्यचिकित्सकांचा पुढाकार होता. शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग कल्पून किती भाग भाजला हे ठरवण्याचा ‘नऊचा नियम’ १९५१ मध्ये त्यांनीच वैद्यकविश्वापुढे मांडला होता. अमेरिकन बर्न असोसिएशन १९६७ मध्ये स्थापन झाली.

या तारखांचा क्रम नवोदितांनी लक्षपूर्वक पाहावा. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बाबतीत आधी दोन परिषदा झाल्या, मग संस्था. जळीत उपचारांना वाहिलेले ‘बर्न्स’ हे नियतकालिक १९७४ मध्ये सुरू झाले. अमेरिकन संस्थेचे नियतकालिक तर १९८० मध्ये, स्थापनेनंतर १३ वर्षांनी आले. आपल्याकडे उलट घाई होते. बोधचिन्ह, नियतकालिक, जीवनगौरव पुरस्कार आधी ठरतात आणि सदस्य काय करणार हे मागाहून शोधले जाते. अमेरिकन संस्थेचा दबदबा पुढे निर्माण झाला तो तीन कामांमुळे. तिने गंभीर जळिताच्या पहिल्या २४ तासांचा प्रशिक्षणक्रम तयार केला, जळीत केंद्रांची पाहणी करून त्यांना मान्यता देण्याची पद्धत बसवली आणि रुग्णांची देशव्यापी नोंदवही उभी केली. आज तिच्या सदस्यांत डॉक्टरांबरोबर परिचारिका, थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि समाजसेवकही आहेत.

संस्थापक सदस्य निवडणे

१८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन अॅक्टप्रमाणे ७ किंवा अधिक व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. कायद्यापुरते ७ पुरतात, तरी संस्था देशव्यापी म्हणून नोंदवायची असेल तर वेगवेगळ्या राज्यांतले संस्थापक सदस्य मागितले जातात आणि प्रत्येकाचे ओळखपत्र, पत्ता व व्यवसाय यांची कागदपत्रे लागतात. गोव्यातून सुरुवात करणाऱ्याला महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्ये सहज जोडता येतात, कारण कोल्हापूर, बेळगाव, हुबळी येथील सहकाऱ्यांशी रुग्ण पाठवण्या-आणण्यातून आधीच परिचय असतो. उरलेल्या राज्यांसाठी परिषदेतल्या ओळखी कामी येतात.

या यादीत माझ्या मते किमान एक प्लॅस्टिक सर्जन, एक भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागाचे डॉक्टर, दोन परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, एक समाजसेवक आणि भाजण्यातून वाचलेली एक व्यक्ती असावी. शेवटच्या नावाविषयी अनेकांना शंका वाटते, कारण ही तर व्यावसायिकांची संस्था आहे. तरी वॉर्डाबाहेरचे आयुष्य काय असते, चेहऱ्यावर व्रण घेऊन नोकरी मागायला गेल्यावर काय ऐकावे लागते, आणि आपण लिहून दिलेला दाबाचा कपडा मे महिन्याच्या उकाड्यात किती तास अंगावर ठेवता येतो, हे सांगू शकणारे माणूस बैठकीत नसेल तर आपले ठराव कागदावरच राहतील. परिचारिका दोन असाव्यात असे मी मुद्दाम म्हणते. एकच असली की तिला सभेत प्रतिनिधी न मानता पाहुणी मानले जाते, आणि ती रजेवर गेली की तो आवाजच उरत नाही.

घटना आणि नोंदणी

नोंदणीसाठी दोन दस्तऐवज लागतात. एक मेमोरँडम ऑफ असोसिएशन, ज्यात संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि नियामक मंडळाच्या सदस्यांची नावे, पत्ते व व्यवसाय असतात. दुसरा नियमावली, जिची प्रत नियामक मंडळाच्या किमान ३ सदस्यांनी खरी असल्याचे प्रमाणित करावी लागते. गोव्यात हे काम जिल्हा निबंधकांच्या कार्यालयात होते. उत्तर गोव्याच्या लोकांना त्यासाठी पणजी आणि दक्षिण गोव्याच्या लोकांना मडगाव सोयीचे पडते. कायद्याला राज्यागणिक दुरुस्त्या झालेल्या असल्याने फी, मुद्रांक आणि अर्जाचा नमुना कार्यालयातूनच घ्यावा. महाराष्ट्रातल्या मित्रांनी दिलेली कागदपत्रे जशीच्या तशी उतरवून घेऊ नयेत, कारण तिथे अशा संस्थेला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशीही व्यवहार करावा लागतो आणि त्यांच्या नियमावलीत त्या अनुषंगाने कलमे असतात.

नावाबाबत एक दक्षता घ्यावी. सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल असे नाव १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्यामुळे अडचणीत येऊ शकते. त्यामुळे ‘राष्ट्रीय’ किंवा ‘भारतीय’ हे शब्द वापरायचे असतील तर छपाईचा खर्च करण्याआधी निबंधकांकडे विचारणा करावी आणि पर्यायी नाव तयार ठेवावे.

उद्दिष्टे लिहिताना संस्थापकांचा हात सैल सुटतो. हात आवरावा, कारण ती बदलणे सोपे नाही. कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे उद्दिष्टे बदलायची असतील तर विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तितक्याच मतांनी तो निर्णय पुन्हा कायम करावा लागतो. प्रतिबंध, उपचार, पुनर्वसन, प्रशिक्षण आणि संशोधन या पाच शब्दांभोवती उद्दिष्टे बांधली तर बहुतेक सारे त्यात सामावते.

सर्व व्यवसायांना मताचा अधिकार द्यायचा तो नियमावलीतच द्यावा लागतो. ‘सहयोगी सदस्य’ या नावाखाली परिचारिका आणि थेरपिस्ट यांना वर्गणी भरायला लावायची आणि मतदान मात्र डॉक्टरांपुरते ठेवायचे, ही रीत अनेक वैद्यकीय संघटनांत रुळलेली आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. सदस्यत्वाचा वर्ग एकच ठेवावा, वर्गणी उत्पन्नानुसार वेगवेगळी ठेवायला हरकत नाही. नियामक मंडळात किती जागा कोणत्या व्यवसायासाठी राखीव आहेत ते आकड्याने लिहावे. अध्यक्षपद कोणत्याही व्यवसायाच्या सदस्याला खुले आहे असे स्पष्ट वाक्य घालावे, नाही तर पुढे कोणीतरी ‘परंपरा’ दाखवतो. एका पदावर सलग किती वर्षे राहता येईल, सभेची गणपूर्ती किती, ऑनलाइन मतदान चालेल का, संस्था विसर्जित झाली तर मालमत्ता कोणत्या समान उद्दिष्टाच्या संस्थेकडे जाईल, हेही ठरवावे. विसर्जनानंतर मालमत्ता सदस्यांत वाटता येत नाही, हे कायद्यातच आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या ८ व्या कलमाखाली ना-नफा कंपनी काढण्याचा दुसरा मार्ग आहे. तिची नोंदणी केंद्रीय व्यवस्थेत होत असल्याने देशभर काम करायला ती सोयीची असते, पण दरवर्षीचे अनुपालन जास्त आणि खर्चिक असते. नवोदितांनी सोसायटीपासून सुरुवात करावी असे मी सुचवीन.

पैसा

नोंदणीनंतर संस्थेच्या नावाने पॅन घ्यावे, बँकेत दोन सह्यांचे खाते उघडावे आणि सनदी लेखापालाच्या मदतीने आयकर कायद्याखालची धर्मादाय संस्थेची नोंदणी, तसेच देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी मान्यता यांसाठी अर्ज करावा. परदेशातून, म्हणजे पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या आणि तिथले नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांकडूनसुद्धा, देणगी स्वीकारायची असेल तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याची परवानगी आधी हवी. आलेला पैसा आधी घेऊन परवानगी मागाहून काढता येत नाही.

औषध आणि ड्रेसिंगच्या कंपन्या मदत देऊ करतील. २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची एकसमान संहिता जाहीर केली आहे, ती वाचूनच करार करावा. संस्थेने स्वतःचा एक नियम त्यापुढे जाऊन करावा: ज्या कंपनीचे ड्रेसिंग विकले जाते तिच्या पैशावर त्या ड्रेसिंगविषयीचे सत्र होणार नाही. स्वस्त उपाय शोधण्याची आपली परंपरा चांगली आहे. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग जळीत जखमांवर वापरून दाखवले आणि तो अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. अशा कामाला प्रायोजक मिळत नाही. त्यासाठी निधी राखून ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

पहिले काम: सर्वांसाठी एकच नोंदपत्रक

पहिल्या वर्षी दुसरे काही झाले नाही तरी चालेल, पण हे व्हावे. भारतात दरवर्षी किती जण भाजतात? सरकारी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदपत्रांत ७० लाख हा अंदाज आढळतो, आणि तो दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या माहितीवरून काढलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना भारतात मध्यम किंवा गंभीर भाजणाऱ्यांची संख्या वर्षाला १० लाखांहून अधिक सांगते. दोन्ही आकडे एकाच गोष्टीची मोजदाद करत नाहीत, हे मान्य करूनही अंतर फार मोठे आहे. ते मिटवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे ठिकठिकाणच्या रुग्णालयांत सारख्या रकान्यांची नोंद.

पत्रक एका पानाचे असावे, नाही तर रात्रपाळीत कोणी भरणार नाही. त्यात वय, वजन, भाजल्याची वेळ, रुग्णालयात पोहोचल्याची वेळ, कारण, भाजलेल्या भागाची टक्केवारी, जखमेची खोली, धूर श्वासात गेला का, घरी काय लावले, शिरेतून द्रव कधी सुरू झाला, शस्त्रक्रिया कितव्या दिवशी, आणि सहा महिन्यांनी कोणता सांधा आखडला, एवढे रकाने पुरेत. भाजल्याची वेळ का महत्त्वाची, ते नव्या सदस्यांना उदाहरणाने सांगावे. द्रव किती द्यावा हे ठरवणाऱ्या पार्कलँड सूत्राप्रमाणे दर किलो वजनामागे आणि भाजलेल्या भागाच्या दर टक्क्यामागे ४ मिलिलिटर द्रव २४ तासांत द्यायचा असतो. ६० किलो वजनाचा रुग्ण ३० टक्के भाजला असेल तर तो ७,२०० मिलिलिटर होतो, आणि त्यातला निम्मा, म्हणजे ३,६०० मिलिलिटर, भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत जायला हवा. पेडण्याहून किंवा काणकोणहून यायला आणि मधल्या रुग्णालयात थांबायला ३ तास गेले असतील तर हाती ५ तासच उरतात. आता अनेक केंद्रे कमी प्रमाणापासून सुरुवात करून लघवीच्या प्रमाणावरून द्रव वाढवतात, पण घड्याळ भाजल्याच्या क्षणापासूनच लावायचे, यात बदल नाही. मुलांसाठी नऊचा नियम चुकीचा अंदाज देतो, कारण मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. म्हणून पत्रकाच्या मागे लंड आणि ब्राउडर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेला, वयानुसार टक्केवारी काढण्याचा तक्ता छापावा.

कारणाच्या रकान्यात ‘अपघात’ एवढेच लिहू देऊ नये. गोव्यापुरते बोलायचे तर स्वयंपाकाचा गॅस आणि न्हाणीतले कढत पाणी ही कारणे तर आहेतच, शिवाय काजूच्या मोसमातली हुर्राक-फेणी ही दारू गाळण्याची भाटी, नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या प्रतिमेत भरलेले फटाके, औद्योगिक वसाहतीतले रसायन आणि वीज, अशी वेगळी नोंद हवी. काजू कारखान्यात बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातल्या चिकामुळे फोड येतात. तो दाहक तेलाने झालेला रासायनिक जळीत असतो, पण तो भाजणे म्हणून कुठल्याही वहीत चढत नाही, आणि चढला नाही म्हणून हातमोज्यांची मागणीही उभी राहत नाही.

नोंदी गोळा करण्याआधी प्रत्येक रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी आणि रुग्णाचे नाव मध्यवर्ती नोंदीत येऊ देऊ नये. संशयास्पद जळीत, विशेषतः तरुण विवाहितेचे, पोलीस प्रकरण असते. त्या कागदांची आणि संस्थेच्या पत्रकाची सरमिसळ कदापि होता कामा नये.

प्रशिक्षण, परिषद, लोकशिक्षण

प्रशिक्षण एका दिवसाचे आणि छोट्या गटाचे असावे. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांतले अपघात विभागाचे कर्मचारी आणि १०८ रुग्णवाहिकेवरचे तंत्रज्ञ यांच्यापासून सुरुवात करावी, कारण पहिला तास त्यांच्याच हातात असतो. डॉक्टरांसाठी गोवा मेडिकल कौन्सिलकडे श्रेयांकांचा अर्ज आधीच करावा, आणि परिचारिकांसाठीही तशीच मान्यता मागावी. अभ्यासक्रम नव्याने लिहीत बसू नये. इंटरनॅशनल सोसायटी फॉर बर्न इंजुरीजने २०१६ आणि २०१८ मध्ये साधनांची कमतरता असलेल्या देशांना समोर ठेवून मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत, त्यांवर आधार ठेवावा.

परिषद दुसऱ्या वर्षी घ्यावी. पंचतारांकित हॉटेल नको, महाविद्यालयाचे सभागृह पुरते. गोव्यात परिषद म्हटली की लोक समुद्रासाठी येतात, असा अनुभव सर्वांनाच आहे. म्हणून सकाळची सत्रे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाशी, म्हणजे स्प्लिंट बनवणे, ड्रेसिंग, त्वचारोपणाची काळजी यांच्याशी जोडावीत.

लोकांसाठीचा संदेश छोटा ठेवावा: भाजल्या जागी २० मिनिटे वाहते थंड पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, आणि मग स्वच्छ कापडात झाकून रुग्णालय. हा फलक कोकणी आणि मराठीबरोबर कन्नड आणि हिंदीतही हवा, कारण बांधकामावर आणि मजुरांच्या वस्त्यांत राहणाऱ्यांपर्यंत तो पोहोचायला हवा. त्वचादानाची माहितीही याच फलकावर देता येईल. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत त्वचा घेता येते, ग्लिसरॉलमध्ये ती वर्षानुवर्षे टिकते, आणि मुंबईत शीव रुग्णालयात व नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या चालवल्या जातात, हे अनेक डॉक्टरांनाही माहीत नसते.

सरकारपुढे मांडायचा एक विषय आतापासून तयार ठेवावा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अॅसिड हल्ल्यात सापडलेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. स्टोव्हने किंवा विजेने भाजून हात आखडलेल्या माणसाला मात्र हालचालीच्या अपंगत्वाच्या निकषात स्वतःला बसवून दाखवावे लागते, आणि चेहरा विद्रूप झालेल्याला तेही जमत नाही. नोंदवहीतल्या सहा महिन्यांनंतरच्या रकान्याचा उपयोग इथे होईल.

पहिले वर्ष पूर्ण होताना

वार्षिक सर्वसाधारण सभा ठरल्या वेळी घ्यावी, इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून सह्या घ्याव्यात आणि लेखापरीक्षित हिशेब सभेपुढे ठेवावेत. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सभेनंतर १४ व्या दिवसापर्यंत नियामक मंडळाची यादी निबंधकांकडे दाखल करायची असते. हे काम चिटणिसावर सोडून बाकीचे निर्धास्त झाले की यादी राहून जाते, पुढच्या वर्षी बँक सह्या बदलू देत नाही आणि संस्था कागदावर गोठते. म्हणून यादी दाखल करून मिळालेली पोच सर्व सदस्यांना पाठवावी आणि तिच्यासोबत वर्षभरात भरलेल्या नोंदपत्रकांची रुग्णालयवार संख्या जोडावी.